शायर : एका कल्पित शेतमुलखाची कुळकथा

मार्चो आणि ब्लँको हे दोघे भाऊ ब्री गावातून निघाले ते राजाची परवानगी घेऊनच. तिसऱ्या युगाचे ते १६०१ वे वर्ष. ब्रँडीवाइन नदीवरचा दगडी कमानींचा पूल ओलांडून ते मोठ्या जमावासह पश्चिमेला गेले आणि नदीपासून पलीकडच्या डोंगररांगेपर्यंतची जमीन त्यांनी वसवली. जमीन ओस होती, पण मुळातली पडीक नव्हती. कधीकाळी तिथे राजाची शेतं होती, धान्याची रानं होती, द्राक्षमळे आणि राखीव वनं होती. राजाने अटी घातल्या त्या एवढ्याच : मोठा पूल आणि इतर पूल-रस्ते दुरुस्त राखायचे, राजाच्या जासुदांना पुढे जायला मदत करायची आणि त्याची सत्ता मानायची. साऱ्याचा किंवा धान्यातल्या वाट्याचा त्यात उल्लेख नाही. नदी ओलांडली ते वर्ष या लोकांनी आपल्या कालगणनेचे पहिले वर्ष धरले.

हा मुलूख म्हणजे शायर, आणि हे लोक म्हणजे हॉबिट. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांच्या १९५४-५५ मध्ये निघालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत तो आहे. बहुतेक वाचक शायरकडे नायक जिथून निघतो ते गाव एवढ्याच नजरेने पाहतात. मला मात्र तो आधी शेतीचा मुलूख वाटतो. कल्पित देशांच्या कथांत राजवाडे, तलवारी, लढाया यांची रेलचेल असते. तिथले लोक खातात काय, पिकवतं कोण आणि पीक जातं कुठे, हे सहसा कळत नाही. शायरमध्ये ते कळतं. इतकंच नव्हे, त्या मुलखावर जे संकट येतं तेही धान्याच्या कोठारातूनच येतं.

आधी भूगोल. पश्चिमेच्या टेकड्यांपासून ब्रँडीवाइनच्या पुलापर्यंत १२० मैल आणि उत्तरेच्या माळरानापासून दक्षिणेच्या दलदलीपर्यंत १५० मैल, असा शायरचा पसारा. त्याचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चार भाग, त्यांना ‘फार्दिंग’ म्हणतात. तीन फार्दिंगांच्या सीमा मिळतात तिथे, पूर्वेच्या हमरस्त्यालगत, एक दगड उभा आहे. खऱ्या इंग्लंडातही मॉर्टन-इन-मार्श गावाजवळ असा एक सीमेचा दगड आहे, जिथे पूर्वी चार परगण्यांच्या हद्दी मिळत. टॉल्किन यांच्या मते हॉबिटन हे गाव साधारण ऑक्सफर्डच्या अक्षांशावर येतं. म्हणजे हवा इंग्लंडची, पाऊस इंग्लंडचा, आणि पिकंही त्या हवेला मानवतील तीच.

उत्तर फार्दिंगमध्ये बार्ली होते आणि तिच्यापासून चांगली बिअर निघते. दक्षिण फार्दिंग उबदार. तिथे द्राक्षं आणि तंबाखूसारखी ‘पाइपवीड’ नावाची वनस्पती. पूर्वेला, नदीकाठी, मॅरिश नावाचा सखल, पाणथळ भाग. तिथली माती काळजीपूर्वक निचरा काढून लागवडीला आणलेली, रानं सलगमची, आणि अळंबी इतकी नामांकित की कथेचा नायक फ्रोडो लहानपणी ती चोरायला मॅगट नावाच्या शेतकऱ्याच्या रानात शिरायचा. मॅगटने त्याला पकडून चोप दिला आणि कुत्रे मागे सोडले. हॉबिटांच्या तीन शाखांपैकी स्टूर शाखेला सपाट जमीन आणि नदीकाठ आवडायचा, म्हणून मॅरिशमध्ये त्यांचं रक्त जास्त. ते लोक चिखलात बूट घालत, एरवी हॉबिट अनवाणी. कोणत्या मातीत कोण वस्तीला येतं, इथपर्यंत टॉल्किननी विचार केला होता.

कारभार जवळपास नाहीच. राजाचं राज्य बुडाल्यावर, शायर सनाच्या ३७९ व्या वर्षी, लोकांनी आपल्यातलाच एक ‘थेन’ नेमला आणि ते पद पुढे टूक घराण्यात वंशपरंपरेने चाललं. मिशेल डेल्विंगचा नगराध्यक्ष दर सात वर्षांनी निवडायचा, तोही उन्हाळ्याच्या मध्यावर भरणाऱ्या जत्रेत. शिपाई म्हणावेत असे ‘शिरिफ’ अख्ख्या मुलखात बारा, प्रत्येक फार्दिंगला तीन. त्यांना माणसांपेक्षा भरकटलेल्या जनावरांचीच जास्त काळजी असे. पोलीस खात्याचं मुख्य काम कोंडवाड्याचं, यावरून त्या मुलखाची घडी ओळखावी.

मात्र हा मुलूख कायम सुखात होता असं नाही. वसाहतीनंतर ३७ व्या वर्षी महामारी आली. शायर सन ११५८ ते ११६० या वर्षांत लांबलेला हिवाळा आणि पाठोपाठ दुष्काळ. हजारो लोक गेले. कथा सुरू होते तेव्हा दुष्काळाचे ते दिवस मागे पडलेले आहेत आणि हॉबिट पुन्हा भरल्या ताटाला सरावले आहेत. दिवसाला पाच-सहा वेळा खाणाऱ्या या लोकांच्या पूर्वजांनी उपास काढले होते, हे कळल्यावर त्यांच्या कोठ्या आणि भरलेल्या फडताळांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

पिकांच्या कुळकथेत तर टॉल्किननी फार बारकावा ठेवला. ‘द हॉबिट’ हे आधीचं पुस्तक १९३७ चं. त्यात शायर हे नाव नाही. त्याचा नायक बिल्बो बॅगिन्स याचं घर आहे, टेकडी आहे, शेजारपाजार आहे. त्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत गँडाल्फ हा मांत्रिक थंड कोंबडी आणि टोमॅटो मागतो. १९६६ च्या आवृत्तीत टॉल्किननी टोमॅटो काढून लोणची घातली. अमेरिका खंडातून आलेलं फळ प्राचीन युरोपासारख्या त्या जगात कसं असेल, हा प्रश्न त्यात दिसतो. तंबाखूही अमेरिकेचीच. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये तिचं नाव पाइपवीड झालं, आणि तिच्यासाठी एक लहानसं टिपण प्रस्तावनेत आलं : लाँगबॉटमच्या टोबोल्ड हॉर्नब्लोअरने शायर सन १०७० च्या सुमारास आपल्या बागेत ती पहिल्यांदा नीट वाढवली, रोप कुठून आणलं ते त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही, दक्षिणेकडच्या गोंडोरमध्ये ती आपोआप उगवते, तेव्हा समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनीच ती आणली असावी. बटाटा मात्र तसाच राहिला. फ्रोडोचा माळी सॅम गॅमजी याचा म्हातारा बाप कंदमुळांतला, विशेषतः बटाट्यांतला, पंचक्रोशीतला जाणता माणूस आहे, आणि तो बटाट्याशिवाय उभाच राहत नाही. टोमॅटो गेला, तंबाखूने नाव बदललं, बटाटा टिकला. बटाटा ज्या माणसाच्या हातात आहे त्याच्यासाठी टॉल्किननी तो ठेवला, असं मला वाटतं.

आता या मुलखाचं खरं मूळ. टॉल्किन यांचा जन्म १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. वडील १८९६ मध्ये तिथेच वारले. त्याच वर्षी आई मेबल दोन्ही मुलांना घेऊन सेअरहोल या खेड्यात राहायला आली. बर्मिंगहॅमपासून जवळ, पण तेव्हा खेडंच. ओढ्याकाठी पाणचक्की, तिच्याशेजारी तळं, चहूकडे शेतं. चक्कीला मागाहून वाफेचं इंजिन आणि धुराडंही बसवलेलं होतं, आणि टॉल्किन मुलं तिथे होती तेव्हा तिच्यात खतासाठी हाडं दळली जात. हाडांच्या पांढऱ्या भुकटीने माखलेल्या तरुण चक्कीवाल्याला मुलं राक्षस म्हणत. एका शेतकऱ्याला त्यांनी काळा राक्षस ठरवलं होतं, कारण त्याने टॉल्किनना अळंबी तोडताना पकडून पिटाळलं होतं. मॅगटच्या रानाची वाट इथूनच जाते.

तिथे ते जेमतेम चार वर्षं राहिले. १९०० मध्ये शाळेसाठी कुटुंब शहरात आलं. १९०४ मध्ये आई गेली. १९११ मध्ये बर्मिंगहॅम शहराने तो सारा भाग आपल्या हद्दीत घेतला. आईकडचं सफील्ड घराणं मूळचं वूस्टरशरमधल्या ईव्हशमचं. टॉल्किन यांची मावशी जेन नीव्ह हिचं डॉर्मस्टन गावात शेत होतं, आणि त्या शेताला गावात ‘बॅग एंड’ म्हणत. बिल्बोच्या घराचं नाव तेच. धाकटा भाऊ हिलरी पहिल्या महायुद्धानंतर ईव्हशमजवळ फळबागा आणि भाजीपाला करू लागला. शायर म्हणजे साधारण व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या, म्हणजे १८९७ च्या, काळातलं वॉरिकशरचं खेडं, असं टॉल्किननी प्रकाशकांना एका पत्रात कळवलं होतं.

हे वर्ष मला महत्त्वाचं वाटतं. १८९७ चं इंग्लंड शेतीच्या दृष्टीने सुखी नव्हतं. अमेरिकेतला स्वस्त गहू आगगाडी आणि आगबोटीने येऊन धडकत होता, १८७० च्या दशकापासून धान्याचे भाव पडले होते, गव्हाखालची जमीन घटत चालली होती, मजूर शहरांकडे निघाले होते. पाच वर्षांच्या मुलाला यातलं काही दिसत नव्हतं. त्याला ओढा, चक्की आणि अळंबी दिसत होती. मोठेपणी त्याने जो मुलूख रचला त्यात बाहेरून धान्य येत नाही, आगबोट नाही, शहर नाही. लोहाराचा भाता, पाणचक्की आणि हातमाग यांच्यापलीकडचं यंत्र हॉबिटांना कळतही नाही आणि आवडतही नाही. शायर म्हणजे ती मंदी न आलेलं इंग्लंड. त्यात जमीनदार टूक आहेत, मोठाले ब्रँडीबक आहेत, धनी आणि माळी हा भेद आहे, आणि टॉल्किन त्याबद्दल फारसा प्रश्न विचारत नाहीत. ही उणीव मी मानतो. पण खंड थकला, कर्ज झालं, सावकार दारात आला, हे त्या मुलखात घडत नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. लहान मुलाने पाहिलेलं गाव असंच असतं.

त्या मुलखाचं पंचांगही शेतातूनच आलं आहे. बारा महिने, प्रत्येकी तीस दिवसांचे. वर्षअखेरीस आणि वर्षारंभी मिळून यूलचे दोन दिवस आणि उन्हाळ्याच्या मध्यावर लिथचे तीन. यातला एक दिवस आठवड्याच्या मोजणीत धरत नाहीत, म्हणून तारीख आणि वार यांची सांगड दरवर्षी तीच राहते. महिन्यांची नावं टॉल्किननी जुन्या इंग्रजीतून घेतली. ती आपल्याला माहीत आहेत ती मुख्यतः बीड या भिक्षूने ७२५ मध्ये कालगणनेवर लिहिलेल्या ग्रंथामुळे. मे महिन्याचं ‘थ्रिमिज’ हे नाव, गायींना दिवसातून तीनदा दूध काढावं इतका पान्हा येई त्या महिन्याचं. इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी वापरून टाकून दिलेली ही नावं टॉल्किन यांच्या कल्पित मुलखात अजून चालू आहेत.

अशा या शेतमुलखाची मग लूट होते. सॅरुमान या मांत्रिकाच्या आयझनगार्ड गडाच्या भग्न तटाशी फ्रोडोचे सोबती मेरी आणि पिपिन यांना पाइपवीडची दोन पिंपं सापडतात, लाँगबॉटमची, शायर सन १४१७ च्या पिकाची. ती तिथे कशी, हे तेव्हा उलगडत नाही. उलगडतं ते फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन हे चौघे जादूची अंगठी नष्ट करण्याच्या मोहिमेवरून घरी परततात तेव्हा. लोथो सॅकव्हिल-बॅगिन्स या फ्रोडोच्या नात्यातल्याच माणसाने चक्क्या, माल्टघरं, खानावळी, शेतं, पाइपवीडचे मळे विकत घेतले आहेत. माल गाड्या भरभरून दक्षिणेला जातो आहे. हिवाळा तोंडावर आल्यावर लोक चिडतात, तर बाहेरून माणसं येतात, आणि पाठोपाठ ‘जमा करणारे’ आणि ‘वाटप करणारे’ : घरोघर मोजमाप करून धान्य उचलायचं, आणि वाटप त्यामानाने थोडंच करायचं. हॉबिटनची जुनी चक्की पाडून धूर ओकणारी नवी उभारली, पण दळायला धान्य पूर्वीइतकंच. शेवटी सॅरुमान स्वतः येतो आणि उरलंसुरलंही नासवतो. बायवॉटरच्या लढाईत १९ हॉबिट आणि जवळजवळ ७० गुंड मरतात, तेव्हा मुलूख सुटतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडच्या सरकारवर हा टोला आहे असं अनेकांना वाटलं. दुसऱ्या आवृत्तीच्या मनोगतात टॉल्किननी ते साफ नाकारलं. आपण दहा वर्षांचेही नव्हतो तेव्हा लहानपणचा मुलूख बकाल होऊन उजाड होत होता, असं त्यांनी लिहिलं. आणि तळ्याकाठच्या, एके काळी भरभराटीत असलेल्या त्या चक्कीचं अखेरच्या पडझडीतलं छायाचित्र नुकतंच वर्तमानपत्रात पाहिल्याचंही सांगितलं. ती चक्की पाडू नये म्हणून लोकांनी निधी जमवला, टॉल्किननीही पैसे दिले, आणि १९६९ मध्ये ती संग्रहालय म्हणून खुली झाली.

लढाईनंतरची पानं मला सर्वांत मोलाची वाटतात. गुंडांच्या कोठारांतून धान्य बाहेर निघतं, त्यांनी बांधलेल्या घरांच्या विटा काढून हॉबिट राहतात ती मोडलेली बिळं दुरुस्त होतात, आणि सॅम माळी गॅलड्रिएल राणीने दिलेली तिच्या बागेतली माती चिमूटचिमूट करून तोडलेल्या झाडांच्या जागी टाकत मुलूखभर फिरतो. शायर सनाच्या १४२० साली फळं अतोनात येतात. उत्तर फार्दिंगच्या बार्लीची त्या वर्षीची बिअर लोक पुढे कितीतरी वर्षं आठवतात.

पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटांत शायरची ही लूट आणि सुटका नाही. चौघे घरी येतात तेव्हा गाव जसंच्या तसं असतं. त्यामुळे केवळ चित्रपट पाहणाऱ्याला शायर म्हणजे हिरवळीवरची गोल दारंच वाटणार. पुस्तक वाचा. मराठीत मुग्धा कर्णिक यांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा अनुवाद आहे. वाचताना सुरुवातीचं हॉबिटांवरचं प्रकरण कंटाळवाणं म्हणून वगळू नका आणि अंगठी नष्ट झाली म्हणून पुस्तक मिटू नका. शायरचा इतिहास त्या दोन टोकांना आहे.