कल्हई आणि शिळा भात

भंडाऱ्यात खांबतलावाच्या बाजूला माझं माहेर आहे. तिथल्या मांडणीवर एक पितळी गंज अजून उभा आहे. पुण्याकडे ज्याला पातेलं म्हणतात, त्याला आम्ही गंज म्हणतो. त्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी आजीचं नाव कोरलंय आणि पुढे सन १९३१. हा गंज तिच्या लग्नात आला. दोन शेर तांदळाचा भात त्यात सहज शिजायचा, आणि रात्री उरलेला भात सकाळी त्यातच पुन्हा गरम व्हायचा. शिळ्या अन्नाचा इतिहास कुणी लिहीत नाही, कारण तो कुणाला सांगण्यासारखा वाटत नाही. मला वाटतो. भंडाऱ्यासारख्या गावात तो इतिहास भांड्यांच्याच इतिहासातून जातो.

आजी चुलबंद नदीच्या काठची, लाखांदूरकडच्या गावातली. घरी धानाची शेती. रोवणीच्या दिवसांत बाया उजाडायच्या आत बांदीत उतरायच्या. त्या वेळी चूल पेटवून स्वयंपाक करायला सवड कुणाला? रात्रीच जास्तीचा भात टाकायचा. सकाळी तो पाण्यात किंवा ताकात कालवायचा, वर मीठ, कांदा, एखादी मिरची. शेजारच्या छत्तीसगडात यालाच बोरे-बासी म्हणतात. तिथल्या सरकारने २०२२ पासून १ मे हा कामगार दिन बोरे-बासी खाऊन साजरा करायचं आवाहन केलं होतं. ओडिशात पखाळ, बंगालात पांता भात. धान पिकतं त्या सगळ्या पट्ट्यात सकाळची न्याहारी आदल्या रात्रीच्या गंजातून निघत आली आहे.

पण पाण्यातला भात उन्हाळ्या-पावसाळ्यात चालतो. हिवाळ्यात वैनगंगेवरून गार वारा सुटला की पोटात काहीतरी ऊन जायला हवं. मग आजी भात गरम करायची. तिची रीत मी रोज पाहिली आहे. आधी भाताचे गोळे ओल्या हाताने मोकळे करायचे, शीत मोडू द्यायचं नाही. गंजाच्या तळाशी दोन ओंजळी पाणी. ते उकळलं की भात वरून हलक्या हाताने सोडायचा, घट्ट झाकण ठेवायचं आणि गंज चुलीवरून वैलावर सरकवायचा. वैल म्हणजे चुलीच्या बाजूचं तोंड. तिथे मुख्य जाळाची उरलेली धग येते. उरलेल्या भाताला उरलेली धग. पाच-सात मिनिटांनी झाकण काढलं की वाफ नाकाला लागायची आणि शीत न् शीत सुटं. आम्ही घाई केली की ती म्हणायची, "शिळं म्हंजे वाया गेलं नाही वो पोरी. त्याले फक्त पानी आन् आच पायजे."

हे ती अनुभवाने बोलत होती, आणि शास्त्रही तेच सांगतं. बुसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली पावावर प्रयोग केले. पाव शिळा होतो तो वाळतो म्हणून, अशी सगळ्यांची समजूत होती. त्याने पाव वाळू न देता ठेवला, तरी तो कडक झाला. तोच पाव तापवल्यावर पुन्हा मऊ पडला. शिजताना पिठूळ द्रव्याचे कण पाणी पिऊन फुगतात. गार झाले की ते पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात. पुरेशी उष्णता आणि ओलावा मिळाला की ती पकड सुटते. इंग्लंडातली बाई कालच्या स्कोनवर, म्हणजे छोट्या पावावर, पाण्याचा हात फिरवून तो भट्टीत सरकवते, माझी माय कालच्या भाकरीला पाणी लावून तव्यावर टाकायची. दोघी एकच काम करतात.

आता भांड्याकडे येते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ताक, चिंच, कढी असं आंबट काही पितळेत राहिलं की त्यातलं तांबं अन्नात उतरतं, चव कडवट-तुरट होते, कडेला हिरवट रेघ दिसते. याला मराठीत नेमका शब्द आहे: अन्न कळकलं. ते टाळायला आतून कथलाचा पातळ लेप द्यायचा, तीच कल्हई. ताजं अन्न उघड्या पितळेत शिजवून लगेच काढून घेतलं तर एक वेळ निभावतं. रात्रभर ठेवायचं असेल तर निभावत नाही. म्हणजे घरातलं शिळं खाण्याजोगं राहणार की फेकावं लागणार, हे ठरायचं ते कल्हईवर. मी नऊ वर्षांची असताना, १९६७ च्या पावसाळ्यात, आमच्याच घरी कल्हई झिजलेल्या एका गंजात कढी रात्रभर राहिली. सकाळी ती तापवून आम्हा तिघा भावंडांना वाढली. तासाभरात तिघेही ओकत होतो. मायने तो गंज उलटा करून अंगणात ठेवला आणि कल्हईवाला येईपर्यंत त्याला हात लावू दिला नाही. शिळ्या कढीला ऊत आणणं ही म्हण लोक निरर्थक उकरण्याबद्दल वापरतात. त्या दिवसापासून मला ती म्हण अगदी खरीखुरी वाटते.

कल्हईवाला यायचा तो दिवाळीआधी आणि लग्नसराईआधी. अंगणात खड्डा खणून कोळशाची भट्टी, बाजूला चामड्याचा भाता. गंज आतून घासून, तापवून लाल होण्याच्या बेताला आणायचा, त्यात नवसागराची भुकटी टाकायची. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर उठायचा. मग कथलाची कांडी एकदाच टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेलं कथील क्षणात सगळीकडे फिरवायचं. काळपट गंज आरशासारखा व्हायचा. शेवटी पाण्यात बुडवला की चर्र आवाज. आम्ही पोरं तेवढ्या आवाजासाठी तासभर बसून राहायचो.

कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचा गंज कोरडा चुलीवर ठेवायचा नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. ठेवला तर कल्हई तळाशी गोळा होते. भात वाफेवर गरम करायचा तो गंजात, आणि फोडणी द्यायची ती लोखंडी कढईत, ही वाटणी यातूनच आली. फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा, शिळ्या भाकरीचा चुरा हे सगळं सराट्याने खरवडत लोखंडात. मला तरी वाटतं, आमच्याकडचा फोडणीचा भात खमंग लागतो त्याचं निम्मं श्रेय त्या कढईचं. स्टीलच्या कढईत भात तळाला चिकटतो, खरपूस होत नाही.

भंडारा हे पितळेचं गाव. भाणं म्हणजे पितळेचं ताट, त्यावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. रतनपूरच्या इसवी सन ११०० च्या सुमाराच्या शिलालेखात भानारा असं नाव येतं, त्यावरून भंडारा झालं असंही मानतात. खरं काहीही असो, कासारांच्या हातोड्यांचा ठोका हा माझ्या लहानपणी या गावाचा आवाज होता. गुंड, गंज, कोपर, घंगाळ, सगळं इथे घडायचं. भांडी किलोवर विकली जायची, जुनी फुटकी मोड देऊन वरचे पैसे भरायचे की नवं भांडं घरी. पितळ कधी फेकलं जात नव्हतं. शिळा भात पुन्हा तापायचा तसा फुटका गंज पुन्हा वितळायचा.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. आमच्या घरचं सगळंच शिळं आमच्या घरात गरम होत नव्हतं. काही भाग मागच्या दारी जायचा. गावकीची कामं करणाऱ्या घरातली एक बाई शिबलं घेऊन यायची आणि तिच्या शिबल्यात कालचा भात पडायचा, गारच. तो कुणी वैलावर ठेवला नाही. हे मी पाहिलेलं नाही, मायने सांगितलेलं आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि लोकांचे शिळेपाके तुकडे सोडायला सांगितलं. १९५४ साली ते आमच्याच भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले होते, त्यात हरले. १९५६ चा धम्मदीक्षेचा दसरा नागपुरात झाला, आणि त्या दसऱ्यानंतर ती बाई आमच्या मागच्या दारी आली नाही. "लय दिस झाले, आली नाही," असं आजी म्हणत राहिली. ती आली नाही हे फार चांगलं झालं. आपल्या घरचं शिळं आपण तापवून खाणं ही काटकसर आहे. दुसऱ्याच्या पदरात ते गार टाकणं हा अपमान होता, आणि आमच्या घराने तो केला.

सत्तरच्या दशकात स्टील आलं. लग्नाच्या आहेरात गंजाऐवजी स्टीलचे डबे येऊ लागले. स्टीलमध्ये काही कळकत नाही, कल्हई लागत नाही, घासायला हलकं. मायने वर्षभरात निम्मं पितळ मोडीत दिलं, आणि मी तिला दोष देत नाही. चुलीपुढे बसून राखेने गंज घासणारे हात तिचे होते. गॅस आला तेव्हा वैल गेला. गोदरेजने १९५८ मध्येच पहिला भारतीय फ्रीज बनवला होता. आमच्याकडे तो १९८६ ला आला, आणि शिळं ठेवायची जागा चुलीमागच्या कोपऱ्यातून थंड कपाटात गेली.

फ्रीजने एक मोठं भलं केलं. शिजल्या भातात एक जिवाणू तग धरून राहतो. भात कोमट राहिला की तो वाढतो आणि असं विष करतो की पुन्हा तापवूनही ते जात नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडात परतलेला चिनी भात खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा हे नीट कळलं. पाण्यात आंबवलेल्या भातात आंबटपणामुळे त्याला वाढणं अवघड जात असेल, पण नुसता झाकून रात्रभर कोमट ठेवलेला भात सुरक्षित होता असं मी म्हणणार नाही. उरलेला भात पसरट ताटात लवकर गार करा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, आणि तापवायचा तो एकदाच, तळाला पाणी घालून, वरपर्यंत वाफ येईतो. आजीची रीत आणि आजचा नियम इथे जुळतात.

गंज मात्र मी मोडीत जाऊ दिला नाही. वर्षातून चार-सहा वेळा त्यात चिन्नोर तांदळाचा भात शिजवते, मुद्दाम जास्त. दुसऱ्या दिवशी नातवंडांसमोर तो वाफेवर ठेवते आणि झाकण त्यांना काढायला लावते. अलीकडे बोटाने चाचपलं तर तळाशी कल्हई विरळ लागते, एका ठिकाणी पिवळं पितळ उघडं पडलंय. शेवटची कल्हई २०१९ च्या दिवाळीआधी केली होती. तो माणूस त्यानंतर आमच्या भागात फिरकला नाही. कथील, नवसागर आणि भाता हाताळता येणारं कुणी भंडाऱ्यात, मोहाडीत, तुमसरात तुमच्या ओळखीचं असेल, तर त्याला आमच्या आळीचा रस्ता सांगा. गंज घासून ठेवलेला आहे.