रकान्याला नाव असलं की

अंध माणूस कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहितो, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण डेटाबेसचं काय? तिथे सगळा कारभार तक्त्यांचा, आणि तक्ता हा प्रकारच मुळी डोळ्यांच्या सोयीचा. शाळेतला हजेरीपट आठवा. डावीकडे नावं, वर तारखा. नजर आडवी फिरली की मुलगा कळतो, उभी फिरली की दिवस. तेच पान कोणी वाचून दाखवलं तर विसाव्या रकान्यापर्यंत येईस्तोवर ऐकणारा पहिला विसरलेला असतो. मग ज्याला दिसत नाही त्याने हे रकाने आखायचे, वाढवायचे, खोडायचे कसे? आयुष्यभर इतिहास शिकवला असल्यामुळे मला या प्रश्नाचाही इतिहासच आधी दिसतो!

सुरुवात पुठ्ठ्याच्या कार्डांपासून करावी लागते. हर्मन हॉलरिथने १८९० च्या अमेरिकन जनगणनेत भोकं पाडलेली कार्डं वापरली. पुढे १९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड आणलं आणि तेच रूढ झालं. या कार्डावर रकान्याला नाव नव्हतं, नुसती जागा होती. फोर्ट्रान भाषेतलं विधान सातव्या रकान्यापासून सुरू व्हायचं. एक घर इकडेतिकडे झालं की काम बिघडलं. तरी भोक बोटाला लागतं, एवढी तरी सोय होतीच. अंधांना प्रोग्रॅमिंगचं शिक्षण आणि नोकऱ्या मिळाव्यात म्हणून अमेरिकेत १९६० च्या दशकातच प्रयत्न सुरू झाले होते. त्या काळातली एक युक्ती मला फार आवडते. छापणाऱ्या यंत्रात कागदामागे मऊ पट्टी लावायची आणि पूर्णविरामाची टिंबं जोरात उमटवून ब्रेल उठवायची. गरज माणसाला किती हुशार करते पाहा.

खरा पालट १९७० मध्ये झाला. एडगर कॉड या आयबीएममधल्या इंग्रज गणितज्ञाने डेटाबेसचं रिलेशनल प्रारूप मांडलं. त्या विचाराचं सार असं की माहिती कुठे ठेवली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असायची गरज नाही. रकाना नावाने मागावा, तो कितवा आहे याला महत्त्व नाही. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्यासाठी जी भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. कॉडच्या मनात अंध लोक असतील असं मला वाटत नाही. पण अजाणता त्याने त्यांच्यावर मोठा उपकार केला. 'ऑल्टर टेबल' असं लिहून तक्त्याचं नाव, मग रकान्याचं नाव आणि प्रकार द्यायचा. झाला रकाना तयार. यात बघण्यासारखं काही नाही. सगळं शब्दांत.

शब्द बोलके व्हायला थोडा वेळ लागला. आयबीएममध्ये जेसी राइट हे अंध गणितज्ञ होते. त्यांचे सहकारी जिम थॅचर यांनी १९८० च्या दशकात डॉससाठी पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम केला. टेड हेंटर हा मोटरसायकलच्या शर्यती खेळणारा गडी. १९७८ मध्ये कारच्या अपघातात त्याची दृष्टी गेली. मग तो प्रोग्रॅमिंग शिकला आणि १९८९ मध्ये त्याच्या कंपनीचा जॉज आला. डॉसचा पडदा म्हणजे ८० अक्षरांच्या २५ ओळी. अक्षर उचलायचं आणि उच्चारायचं.

आणि मग खिडक्या आल्या! विंडोजने पडद्यावर अक्षरांऐवजी चित्रं काढली. डोळसांना आनंदीआनंद. रकाना माऊसने धरा, ओढा, दुसरीकडे सोडा. पण चित्रातलं अक्षर यंत्राला वाचायला सापडेना. कालपर्यंत बिनबोभाट काम करणाऱ्या माणसाला एका नव्या आवृत्तीने घरी बसवण्याची ही तऱ्हा होती, आणि तिला सरसकट प्रगती म्हणणं मला तरी जड जातं. १९९५ मध्ये जॉज विंडोजवर आला, १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वाचक-प्रोग्रॅमना माहिती पुरवायची सोय केली, तेव्हा कुठे वाट मोकळी होऊ लागली.

याच सुमारास आपल्या पुण्यात वाढलेल्या एका माणसाने वेगळा विचार केला. टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. पुणे विद्यापीठ, आयआयटी मुंबई आणि मग कॉर्नेल असा त्यांचा प्रवास. १९९४ च्या प्रबंधात त्यांनी गणित ऐकवणारी प्रणाली मांडली. तिचं 'अ‍ॅस्टर' हे नाव त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचं. १९९५ मध्ये त्यांनी इमॅकस्पीक प्रसिद्ध केलं. पडद्यावर काय दिसतं ते वाचण्यापेक्षा त्याचा अर्थ सांगावा, हा त्यामागचा विचार. तक्त्यातल्या एका घरावर आलं की त्या घरातल्या मजकुराबरोबर रकान्याचं शीर्षकही ऐकता येतं. म्हणजे 'बेचाळीस' एवढंच नाही, 'गुण बेचाळीस'.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए सुरू केला, तोही फुकट. महागडा वाचक न परवडणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना याचं मोल जास्त.

आमच्या ओळखीतला एक अंध मुलगा डेटाबेसचंच काम करतो. त्याला विचारलं, रकाने माऊसने ओढून लावायची सोय असते, ती तू कशी वापरतोस? म्हणाला, "काका, वापरतच नाही. मायएसक्यूएलमध्ये 'आफ्टर' लिहून कुठल्या रकान्यानंतर ते सांगतो. पोस्टग्रेसमध्ये नवा रकाना शेवटीच जातो, तो डोळसांनाही हलवता येत नाही."