टवक्याचा इतिहास

मोटारीच्या दर्शनी पत्र्यावरून उडालेला रंगाचा टवका हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, असे म्हटले तर वाचक कदाचित हसतील. पण वस्तूंच्या इतिहासात क्षुल्लक वाटणाऱ्या जागाच पुष्कळदा बोलक्या ठरतात, असा आमचा अनुभव आहे.

आरंभ घोडागाडीपासून करावा लागतो. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल नि खडे अंगावर येऊ नयेत, म्हणून गाडी हाकणाऱ्यापुढे एक आडोसा असे. त्याला इंग्रजीत डॅशबोर्ड म्हणत. घोडा गेला, नाव तेवढे उरले. तेव्हा जपायचे होते ते माणसाला, हे येथे ध्यानात घ्यावे.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जॉन लाउडन मॅकॅडमने बारीक फोडलेल्या खडीचे थर देऊन रस्ते बांधण्याची रीत रूढ केली. लोखंडी धावांची चाके त्या खडीचा चुरा करीत आणि तोच चुरा फटींत बसून रस्ता घट्ट होई. मोटारीने हे गणित मोडले. तिची हवा भरलेली वेगवान चाके चुरा उडवून लावू लागली आणि बंध सुटलेली खडी मोकळी झाली. म्हणजे आपल्यावर आदळणारा दगड मोटारीने स्वतःच सैल केला होता.

यावरचा पहिला मोठा उपाय सार्वजनिक होता. १९०२ मध्ये डॉ. अर्नेस्ट गुग्लिएल्मिनेती या स्विस वैद्याने मोनॅकोत रस्त्यावर डांबर ओतून धूळ बसवण्याचा प्रयोग केला. १९०८ मध्ये पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली. दोष रस्त्याचा, तेव्हा दुरुस्तीही रस्त्याची, असा तो सरळ विचार होता.

दुसरी वाट रंगाची. वार्निशचे थर वाळायला पूर्वी आठवडे लागत. १९२० च्या दशकात ड्यू पाँट कंपनीचे ‘ड्युको’ हे झटपट वाळणारे लॅकर आले आणि कारखान्यांचा तो खोळंबा संपला. आपल्याकडे फर्निचरवाल्यांच्या तोंडी ‘ड्युको’ हा शब्द आजही आहे. पुढे रंगाखाली गंजरोधक थर आले. तरीही आजच्या मोटारीवरचे सारे थर मिळून जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच भरते. टवका पत्र्यापर्यंत पोचला की ओल शिरते आणि गंज कडेने रंगाखाली पसरत जातो.

म्हणून आता पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म चिकटवतात. तिचे मूळ हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-खड्यांपासून जपणाऱ्या लष्करी आवरणात आहे. ती लवचीक असल्याने दगडाचा आघात स्वतःत जिरवते. उपाय उत्तम आहे, यात शंका नाही.

परंतु या प्रवासाची दिशा आम्हांला अस्वस्थ करते. डांबर सर्वांसाठी होते, फिल्म ज्याच्या त्याच्या ऐपतीची आहे. पावसाळ्यात खड्ड्यांत नुसती खडी टाकून काम उरकले जाते, ती चाकांखालून उडते आणि आम्ही मोटारीला चिलखत चढवून निर्धास्त होतो. तोच खडा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्याला, कडेने चालणाऱ्या शाळकरी पोराच्या कपाळालाही लागू शकतो. त्यांच्यासाठी फिल्म निघालेली नाही. घोडागाडीच्या त्या साध्या आडोशाला निदान माणूस आधी दिसला होता.