तुळईची लांबी

परभणी जिल्ह्यातील जुन्या माळवदी घरांत खोल्यांचा अरुंदपणा आम्हांस प्रथम जाणवतो. घर मोजायचे ते खणांनी, म्हणजे दोन खांबांमधील अंतराने. आणि ते अंतर ठरवी तुळईचे लाकूड. वर पांढऱ्या मातीचे ओझे! झाडाची ही मर्यादा जर्मनीत ओटो हेट्झर याने ओलांडली. फळ्यांचे थर एकमेकांस चिकटवून वक्र तुळई घडविण्याचे पेटंट त्याने १९०६ मध्ये घेतले. सरस होता दुधातील केसिनचा. आमच्याकडे मात्र लाकूड लांबले नाही, मागे पडले. त्याची जागा लोखंडी गर्डर व स्लॅब यांनी घेतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तर मराठवाड्याने माळवदाचा धसकाच घेतला. वास्तविक तेथे घात केला तो दगडमातीच्या जाड भिंतींनी. त्या ढासळल्यावरही सागवानी खांब-तुळयांचे सांगाडे अनेक ठिकाणी उभेच होते.