यूएक्स डिझाइनकडे वळायचंय? पदवी कोणतीही चालते, पण कामाचे नमुने लागतात

नगर : मागच्या खरिपात बांधावर उभं राहून मी एका अ‍ॅपमध्ये माहिती भरत होतो. गट नंबर टाकला आणि पुढं जायचं बटणच सापडेना. अर्धा तास गेला. शेवटी शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, बटण कीबोर्डखाली झाकलंय, बॅक दाबा." ज्यानं ती स्क्रीन आखली, त्यानं ती कुणा शेतकऱ्याच्या हातात देऊन बघितलीच नसणार.

हे बघण्याचं काम म्हणजे यूएक्स, अर्थात यूजर एक्सपिरियन्स डिझाइन. रंग आणि चित्रं हा त्यातला छोटा भाग. माणूस कुठं अडतो ते शोधून अडचण काढणं, हे खरं काम. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात सुरू झाली. पुढच्या वर्षी नव्या आवृत्तीत, चुकलेली नोंद ४८ तासांत शेतकऱ्यालाच दुरुस्त करता येईल अशी सोय आली. आयआयटी मुंबईच्या आयडीसी विभागात तयार झालेला स्वरचक्र कीबोर्डही बघा. 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उघडतं. बाराखडी येत असली की झालं.

नोकरी बदलून या क्षेत्रात जायचं असेल तर सेतू केंद्रात बसणारी पोरं मला जास्त पुढं वाटतात. लोक कुठं चुकतात हे त्यांना रोज दिसतं. फक्त ते लिहून ठेवायची सवय नसते.

सुरुवात अशी करा. गावात वापरलं जाणारं एखादं अ‍ॅप घ्या, पाच जणांना ते वापरायला द्या आणि मध्ये बोलू नका. (हेच सगळ्यात अवघड!) या विषयातले अभ्यासक जेकब निल्सन यांच्या मते बहुतेक अडचणी पाच माणसांतच उघड्या पडतात. मग कागदावर नव्या स्क्रीन काढा, फिग्मामध्ये त्या जुळवा आणि परत त्याच लोकांकडे न्या. फिग्मा फुकटात वापरता येतं, पण काम करायला कॉम्प्युटर लागतो. जुना लॅपटॉपही चालेल. अशी दोन-तीन कामं फोटोंसह मांडली की तयार होतो तो पोर्टफोलिओ. मुलाखतीत आधी तोच बघतात.

रीतसर शिकायचं तर एम.डेस. आहे. त्यासाठी आयआयटी मुंबई सीड परीक्षा घेते. बारावीनंतरची किमान ३ वर्षांची कुठलीही पदवी चालते, वयाची अट नाही. बारावीवाल्यांसाठी यूसीड आहे, तिला मात्र वयाची मर्यादा आहे.

नोकऱ्या मुख्यतः पुणे, मुंबई, बंगळुरूकडं. कामापुरतं इंग्रजी लागतंच. पहिले काही महिने पैसा येत नाही, त्यामुळं हातातलं काम सोडू नका. 'शंभर टक्के नोकरी' म्हणून लाखभर फी मागणाऱ्या क्लासला आधी विचारा, मागच्या तुकडीतली पोरं कुठं लागली? त्यांच्याशी फोनवर बोलणं करून दिलं नाही, तर पैसे भरू नका. स्वयम पोर्टलवर डिझाइनचे कोर्स फुकट बघता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरावी लागते.