रोगाला नाव देणारा डॉक्टर

१८९६ चा सप्टेंबर. मुंबईच्या मांडवी भागात तापाचे रोगी वाढत होते. जांघेत, काखेत गाठी येत आणि थोड्याच दिवसांत माणूस दगावे. तेथेच दवाखाना चालविणारे, मूळचे गोव्यातील हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी स्पष्ट सांगितले, की हा गाठीचा प्लेग आहे.

मला त्यांच्या निदानाइतकेच त्यांच्या धैर्याचे मोल वाटते. प्लेग म्हटले की बंदराचा व्यापार बसणार, परदेशी बंदरे मुंबईची जहाजे अडविणार, हे कोणाला कळत नव्हते? ‘कसला तरी ताप’ म्हणून वेळ मारून नेणे सर्वांच्याच सोयीचे होते. रोगाला मात्र ही सोय ठाऊक नव्हती. १८९७ च्या आरंभी जवळजवळ निम्मी मुंबई गावाकडे पळाली.

व्हिएगस हलले नाहीत. गलिच्छ वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यांचा त्यांनी आग्रह धरला. हाफकिन यांनी मुंबईतच तयार केलेली लस जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे व्हिएगसांनी ती सुमारे १८,००० लोकांना टोचली, असे सांगतात. १९०६ साली ते महापालिकेचे अध्यक्ष झाले.

मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. तो कोणाचा, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कितीजण सांगू शकतील?