लुकलुकणारा पिवळा दिवा

गेल्या पावसाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना गाडी आचके द्यायला लागली आणि डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. 'चालतेय ना, मग पुण्यात बघू' म्हणत मी तशीच दामटली. घाटात बिघडलं होतं ते फक्त एक इग्निशन कॉइल. पुण्यात पोचेपर्यंत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गेला. बिल कॉइलच्या कितीतरी पट! मग शनिवार-रविवार बसून या दिव्याचा इतिहासच खणून काढला.

गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसमध्ये. जुलै १९४३ मध्ये तिथे इतकं धुरकं दाटलं की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. १९५० च्या दशकात आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की न जळालेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की हे धुरकं तयार होतं. त्यावर उपाय म्हणजे कन्व्हर्टर, प्लॅटिनमसारख्या धातूंचा मुलामा दिलेली सिरॅमिकची जाळी. यूजीन हूद्रीने तो आधीच बनवला होता, पण पेट्रोलमधलं शिसं मुलाम्यावर बसून त्याची वाट लावायचं. अखेर अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून कन्व्हर्टर आले, सोबत बिनशिशाचं पेट्रोल. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांपासून सुरुवात झाली.

शिसं गेलं, शत्रू उरला मिसफायर. ठिणगी पडली नाही की त्या सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवा तशीच पुढे जाते आणि थेट कन्व्हर्टरमध्ये पेटते. तापमान हजार अंशांवर जातं, जाळी वितळते, धुराची वाट तुंबते आणि गाडीचा दमच जातो. शिवाय सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल पेट्रोलने धुऊन निघतं, ते वेगळंच.

म्हणून १९९६ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत ओबीडी-२ सक्तीचं झालं. यातली युक्ती मला जाम आवडली. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा पेट्रोल पेटतं. एक वेळ चुकली, की क्रँकशाफ्ट क्षणभर रेंगाळतो. कॉम्प्युटर तेवढंच पकडतो. दिवा नुसता लागून राहिला तर गॅरेज गाठा. लुकलुकला तर लगेच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा आणि गाडी बाजूला घ्या, कारण कन्व्हर्टर जळण्याच्या बेतात आहे.

गंमत म्हणजे हा दिवा आला हवा वाचवायला, पण ऐकलं तर खिसाही वाचवतो. वॉर्निंग न वाचता कोड पुढे ढकलणाऱ्या ज्युनियरवर मी ऑफिसात नेहमी डाफरतो. घाटात मी दुसरं काय केलं होतं?

असो.